आधी जबानी, मग बॉनेट

"बसा. आधी जबानी, मग बॉनेट."

जव्हारच्या त्या गॅरेजात गाडी ढकलत आणणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. वाक्याबरोबर मिस्त्रींच्या हातातला पाना जांभळाखालच्या एका काळ्या दगडाकडे वळायचा. गाडीचा मालक त्या दगडावर बसायचा. मिस्त्री समोर उकिडवे बसून तंबाखू मळायला घ्यायचे आणि गाडी बंद पडायच्या आधी काय काय झालं ते क्रमाने सांगायला लावायचे. तोवर बॉनेटला हात लागत नसे. मालक घाईत आहे म्हणून तर अजिबातच नसे.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. जिल्हा ठाणे होता आणि ठाणे इथून इतकं लांब होतं की जव्हारची बातमी तिथे पोचेपर्यंत तिचा इतिहास व्हायचा. माझी खोली गॅरेजासमोर होती. कामानिमित्त पोलीस ठाण्यात मी बऱ्याच जबान्या ऐकल्या. दगडावरच्या जबान्या त्यांच्याहून खोट्या असत. पण तिथे खोटं फार टिकत नसे, कारण मुख्य साक्षीदार चार चाकांवर समोरच उभा असायचा.

शिरपामाळ बघायला मुंबईहून एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघत होती.

"अचानक बंद पडली हो," कुटुंबप्रमुख म्हणाले.

"अचानक इंगळी चावते. गाडी आधी सांगते. काटा कुठं होता?"

"कसला काटा?"

"संपली जबानी," असं म्हणून मिस्त्री उठले आणि रेडिएटरकडे गेले. त्या गृहस्थांना गाडीत उष्णता दाखवणारा काटा असतो हे त्या दिवशी कळलं. गाडी त्यांच्याकडे चार वर्षं होती.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी एक जीपवाला मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडून आला. किती माणसं होती या प्रश्नावर त्याने "आठ" असं उत्तर दिलं. मिस्त्रींनी वाकून जीपखाली नजर टाकली. "आठ आत. टपावर कोण, देव बसवले होतेस?" जीपवाला हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्याने टपावरचे नऊ आणि मागे लटकलेले चार कबूल केल्यावरच त्यांनी जॅक मागवला.

असे लोक तुम्हीही पाहिले असतील, ज्यांना खरं ऐकायचं व्यसन असतं आणि त्यामुळे ज्यांच्याकडे चहाला कोणी थांबत नाही. मिस्त्री त्यांतले होते. वय पंचावन्नच्या आसपास, बांधा बुटका, चष्म्याच्या एका काडीला वायर गुंडाळलेली. भिवंडीच्या ट्रक गॅरेजात दहा वर्षं काढून ते परत आले होते. पाटीवर फक्त 'गॅरेज' एवढंच लिहिलेलं होतं. नाव का नाही विचारलं तर म्हणायचे, "एकच आहे. हरवणार कुठं?" पुढे गावात आणखी तीन गॅरेजं झाली, तरी पाटी तीच राहिली. त्यांची स्वतःची स्कूटर कधीच पहिल्या किकला चालू झाली नाही. "तिची जबानी घ्यायला सवड नाही," असं त्यावरचं स्पष्टीकरण होतं.

जबानीतून सूट मिळालेला एकच माणूस मला आठवतो. आमच्याच तालुक्यातल्या वांगणीकडचा एक शेतकरी पाण्याचा पंप खांद्यावर घेऊन चालत आला होता. त्याने पंप खाली ठेवला आणि सवयीने दगडाकडे निघाला. मिस्त्रींनी त्याला हाताने थांबवलं, आतून पाणी आणून दिलं आणि पंप उघडायला घेतला. मी विचारलं, याची जबानी? "एवढं ओझं घेऊन आलाय," ते म्हणाले, "खोटं बोलायला दम कुठून आणील?"

आता त्या गाडीबद्दल. ती एका कचेरीची होती. कोणत्या, ते सांगायचं कारण नाही. आमच्याकडे कचेऱ्यांना तोटा नाही. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट आहे. जीप जाऊन साहेबांना चार दारांची पांढरी पेट्रोल गाडी मिळाली होती. ती एका दुपारी दोराने बांधून, मोखाड्याच्या शेअर जीपमागे, गॅरेजात आली. साहेब मागच्या सीटवर बसलेले होते. ओढून आणलेल्या गाडीतही मागची सीट ही साहेबांचीच असते.

स्टेअरिंगवर ड्रायव्हर होता. मोखाड्याच्या वरच्या पाड्यांतला, डोंगरावर नाचणी-वरई लावणाऱ्या घरातला. आठ वर्षं रोजंदारीवर गाडी चालवत होता. त्याला कायम करण्याची फाइल ठाण्याला गेली होती आणि ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. त्या फाइलीत एक वाईट शेरा पडला असता तर ती तिथेच थांबली असती, आणि पुढच्या वर्षी त्याच्या वयाची मर्यादा उलटत होती. म्हणजे नंतर फाइल हलली तरी उपयोग नव्हता.

मिस्त्रींनी ड्रायव्हरकडे बघून दगड दाखवला. साहेबांनी मध्येच हात वर केला.

"त्याला काय विचारता? मला विचारा. गाडीतलं मला कळतं."

त्यांनी दगडावर रुमाल अंथरला आणि बसले. ड्रायव्हरने फडकं घेतलं आणि काच पुसायला लागला. मी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन होतो.

"बोला," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी बोलायला मागेपुढे पाहिलं नाही. काटकसर हा त्यांचा आवडता विषय होता. "ही गाडी आली तेव्हा पेट्रोल नुसती प्यायची. मी शिस्त लावली. मोखाड्याहून निघालं की प्रत्येक उताराला इंजिन बंद. गाडी सोडून द्यायची. खाली आलं की चावी फिरवायची, दुसरा गिअर, क्लच सोडला की एक झटका, गाडी चालू. स्टार्टरचीही झीज नाही. माझी सक्त सूचना आहे."

"ड्रायव्हर ऐकतो?"

"आधी ऐकत नव्हता. म्हणायचा, साहेब, गाडीला बरं नाही. मी म्हटलं, गाडी सरकारची आहे, तुझ्या बापाची नाही."

काच पुसणाऱ्याने काच पुसली.

"आज काय झालं?"

"शेवटच्या उताराला झटका दिला आणि खट् असा आवाज आला. चालू होईना. मी म्हटलं, पुन्हा दे. पुन्हा दिला. मग ही जीप आली. त्यातली माणसं उतरली, त्यांनी धक्का मारला. फार भली माणसं. तीनदा मारला."

"धक्का मारा, कोण म्हणालं?"

"मीच. मी नसतो तर हा तिथेच हातपाय गाळून बसला असता."

मिस्त्रींनी चिमूट ओठाखाली ठेवली आणि उठले. एवढी स्वच्छ जबानी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

उताराला इंजिन बंद करणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. जीपवाले करायचे, टेम्पोवाले करायचे, मीही स्कूटरवर केलेलं आहे. बंद पडलेली गाडी दिसली की उतरून धक्का मारणं ही त्याहून जुनी रीत. त्या जुन्या जीपांच्या इंजिनात लोखंडी साखळी किंवा दातेरी चाकं असत. त्यांना झटके सोसत. या नव्या गाडीत त्या जागी रबराचा दातेरी पट्टा होता, हे साहेबांना माहीत नव्हतं आणि धक्का मारणाऱ्यांनाही नव्हतं. फक्त दुसऱ्या गटाने स्वतःला गाडीतलं कळतं असं म्हटलं नव्हतं.

मिस्त्रींनी बाजूचं झाकण काढलं, दोन बोटं आत घातली आणि काळा पट्टा ओढून बाहेर काढला. त्याचं एक टोक आधी आलं. दुसरं टोक वेगळं आलं.

"हा टायमिंगचा पट्टा," त्यांनी तो साहेबांसमोर धरला. "इंजिनात खालचा दांडा फिरतो, त्याच्या जोरावर पिस्टन वर-खाली करतात. वरचा दांडा व्हॉल्व उघडतो, मिटतो. दोघांचं एकमेकांशी जमवून ठेवतो तो हा. पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्वने बाजूला व्हायचं. हा तुटला की वरचा आहे तिथे झोपतो आणि खालचा आपटत राहतो."

"असं," साहेब म्हणाले.

"कचेरीसारखंच. फरक एवढा, की इथं वरच्यालाही लागतं."

मग त्यांनी खालच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन हाताने, अगदी सावकाश, फिरवायला सुरुवात केली. थोडं फिरलं आणि अडलं. त्यांनी जोर केला नाही. पाना सोडून हात पुसला.

"व्हॉल्व वाकलेत. दोन तरी. हेड उतरवायला लागेल."

साहेब दगडावरून उठले. त्यांनी रुमाल झटकला, घडी केली, खिशात ठेवला. जे काही ठरवायचं ते त्या घडीबरोबर ठरलं असावं, कारण पुढचं वाक्य वेगळ्या आवाजात आलं.

"मिस्त्री, एवढा खर्च मंजूर व्हायला कारण लागतं. तुम्ही दाखला द्या. चालकाने गाडी निष्काळजीपणे हाताळल्यामुळे इंजिनाचं नुकसान झालं. दोन ओळी बस्स."

काचेवरचं फडकं थांबलं. ड्रायव्हर वळला नाही. काचेत आम्ही सगळे त्याला दिसत असू.

"गाडी होऊ दे," मिस्त्री म्हणाले. "दाखला गाडीबरोबर देतो."

पट्टा आणि व्हॉल्व नाशिकहून एस.टी.ने यायला दोन दिवस लागले. गाडीवर लक्ष ठेवायला साहेबांनी ड्रायव्हरला गॅरेजात बसवलं होतं. गाडीचं डोकं उतरवून टेबलावर ठेवलेलं होतं, तेव्हा ती कुठे पळून जाणार होती ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मिस्त्री व्हॉल्व घासत होते. जिथे तो बसतो ती गोल कडा पेस्ट लावून, हातानं उलटसुलट फिरवून, दोघांची पकड एकजीव होईपर्यंत घासायची. ड्रायव्हर समोर बसून होता.

"मिस्त्री, दाखला ल्हा तुम्ही," तो म्हणाला. "साहेब सांगतात तसा ल्हा. मना काय, शेतावर जाईन."

"गप. तुझं शेत मी पाहिलंय. दगड वेचायला जाशील."

"तुमचा गिऱ्हाईक तुटंल. सगळ्या कचेऱ्यांच्या गाड्या तुमच्याकडंच येतात."

"झटका तूच दिलास ना?"

"दिला."

"पट्ट्याला बरं नाही, माहीत होतं?"

"पट्टा ठावं नव्हता. पण आवाज बरा नव्हता. सांगलं दोनदा."

"तिसऱ्यांदा का नाही सांगितलंस? तोंड नव्हतं?"

"तोंड हाय," ड्रायव्हर म्हणाला. "ऑर्डर नाय."

मिस्त्रींनी घासणं थांबवलं. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा घासायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टायमिंग लावलं. ते मी पूर्ण पाहिलं. हेड बसलं होतं, पट्टा अजून घातलेला नव्हता. खालच्या चाकाची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणली. वरच्या चाकाचा ठिपका त्याच्या खाचेसमोर आणला. खुणा तेलकट होत्या म्हणून डबीतला चुना बोटाने त्यांवर लावला. काळ्यावर पांढरे चार ठिपके उठले. मग पट्टा एका बाजूने ताणून, दात दातात बसवत चढवला, ताण देणारी पुली सोडून पुन्हा आवळली. एक दात इकडेतिकडे झाला तर गाडी चालेल, पण खोकत चालेल. जास्त झाला तर पुन्हा व्हॉल्व जातील.

त्यानंतर त्यांनी पाना घेतला आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं. खालच्या दोन फेऱ्यांत वरची एक होते. ठिपके समोरासमोर आले. सुटकेचा निःश्वास मी टाकला. त्यांनी पुन्हा दोन फेऱ्या मारल्या. मग पुन्हा दोन.

"जुळलं ना पहिल्यांदाच?" मी विचारलं.

"पहिल्यांदा जुळतं ते योगायोगानेही जुळतं," ते म्हणाले.

चावी फिरवायला त्यांनी ड्रायव्हरला बसवलं. गाडी लगेच चालू झाली. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. मग हात धुतले आणि दाखला लिहायला बसले.

मजकूर मला जवळजवळ पाठ आहे, कारण तो लिहिताना एका शब्दाची जोडाक्षरं त्यांनी मला विचारली. "टायमिंगचा पट्टा जुना झाला होता व वेळेवर बदललेला नव्हता. गाडी उतारावर इंजिन बंद करून सोडत व खाली गिअरमध्ये झटका देऊन चालू करीत. अशा झटक्याने पट्टा तुटला. तुटल्यावर आणखी झटके व धक्के दिल्याने व्हॉल्व वाकले. असे करण्याचा हुकूम आपला होता, असे साहेबांनी स्वतः माझ्या गॅरेजात, बॉनेट उघडण्यापूर्वी सांगितले. ड्रायव्हरने दोनदा हरकत घेतली होती, हेही साहेबांनीच सांगितले. हजर: मी, साहेब, ड्रायव्हर."

हजर असलेला चौथा मी होतो. माझं नाव का नाही, असं मी विचारलं. खरं तर विचारायला उशीर केला. सही झाल्यावर विचारलं.

"तुम्हाला बातम्या आणायला कचेरीत जायचं असतं ना?" मिस्त्री म्हणाले. "जा."

त्यात टोमणा किती आणि सूट किती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मी पेन मागितलं नाही.

दुपारी साहेब आले. कागद त्यांनी उभ्यानेच वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलले.

"हे काय आहे?"

"जबानी. तुमचीच. मी शुद्धलेखन तेवढं केलं."

"मी गप्पा मारत होतो. हे फाइलला कसं लावणार?"

"मग नका लावू. पण दुसरा दाखला माझ्याकडून मिळायचा नाही. दुसऱ्या कोणाकडून घ्यायचा तर घ्या, पण इंजिन मी उघडलंय."

"फाडतो हा."

"फाडा की," मिस्त्री म्हणाले. "खाली कार्बन होता."

साहेबांनी कागद फाडला नाही. घडी करून रुमालाच्याच खिशात ठेवला. ड्रायव्हरने मागचं दार उघडून धरलं होतं. साहेब बसले, दार लागलं, गाडी गेली. चढावर तिचा आवाज अगदी सरळ होता.

पुढचं कचेरीच्या रीतीप्रमाणे झालं. साहेबांचं नाव असलेला कागद फाइलीला लागणं शक्य नव्हतं आणि कागदाशिवाय शेरा मारणं शक्य नव्हतं. खर्च 'नैसर्गिक झीज' या कारणाखाली मंजूर झाला. त्या शब्दांत कोणीच दोषी नसतो, म्हणून ते कचेऱ्यांत फार वापरले जातात. ड्रायव्हरची फाइल शेऱ्याशिवाय पुढे सरकली. पावसाळ्यानंतर त्याची ऑर्डर आली. तो पेढे घेऊन गॅरेजात आला तेव्हा मिस्त्री गाडीखाली होते. "ठेव दगडावर," एवढंच खालून ऐकू आलं. पेढा त्यांनी काळ्या हाताने खाल्ला, मी पाहिलं.

त्याच महिन्यात कचेऱ्यांच्या गाड्या गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात जायला लागल्या. लेखी आदेश निघाला नव्हता. असे आदेश लेखी नसतातच. आधी ती एक गाडी गेली, मग दुसऱ्या कचेरीची, मग उरलेल्या. मिस्त्रींकडे जीपा, टेम्पो आणि पंप राहिले. "बरं झालं," ते म्हणायचे, "दगडाला आराम मिळाला." मी त्यावर बातमी दिली नाही. त्या आठवड्यात माझ्या नावाने एका उद्घाटनाची तीन कॉलम बातमी छापून आली होती, फोटोसकट.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग जीपाही कमी झाल्या आणि ज्या आल्या त्यांच्या इंजिनाला कॉम्प्युटर होता. मिस्त्रींची मुलगी नाशिकला दिलेली होती. जावयाचं सुट्या भागांचं दुकान होतं. एका सकाळी गॅरेजासमोर टेम्पो उभा दिसला, तेव्हा मला कळलं की ते चालले आहेत. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

पाने, जॅक, पेट्या चढल्या होत्या. सागवानी टेबल राहिलं होतं, वस्तू आवळून धरणारा लोखंडी वाईस बसवलेलं. टेम्पोवाला आणि मिस्त्री मिळून ते उचलत होते आणि ते उचललं जात नव्हतं. मी रस्ता ओलांडायला निघालो होतो, एवढ्यात वरून कचेरीची गाडी आली. गाडी नवी होती, साहेब नवे होते, ड्रायव्हर तोच होता.

गाडी गॅरेजासमोर थांबली. ड्रायव्हर मागच्या साहेबांना न विचारता उतरला. त्याने पांढऱ्या गणवेशाच्या बाह्या वर केल्या, टेबलाची जड बाजू धरली आणि तिघांनी ते टेम्पोत चढवलं. गणवेशावर तेलाचा पट्टा उमटला. मिस्त्री त्याला म्हणाले, "ड्यूटीवर आहेस, जा." तो म्हणाला, "व्हय." पण टेबल दोराने आवळून झाल्याशिवाय तो हलला नाही. नव्या साहेबांनी हॉर्न वाजवला नाही, कारण हॉर्न पुढच्या सीटसमोर असतो. त्यांनी फक्त दोनदा घड्याळ पाहिलं.

टेम्पो नाशिकच्या रस्त्याला लागला. मिस्त्री पुढे बसले होते. त्यांनी मागे पाहिल्याचं मला दिसलं नाही.

ड्रायव्हर गाडीत बसला. काच खाली होती, मी शेजारी उभा होतो, त्यामुळे पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे. साहेबांनी विचारलं, "कोण ते? सरकारी वेळेत थांबलास म्हणून विचारतो. नातेवाईक आहेत का?"

आठ वर्षं रोजंदारी केलेला माणूस साहेबांच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी विचार करतो. त्याने केला नाही.

"हो, साहेब," तो म्हणाला आणि गिअर टाकला.